लॅम्प्स : फुकट आहे, फास्ट आहे, पण तुमचं चुकलं तर चकार शब्द काढत नाही

लॅम्प्स म्हणजे अणू-रेणू कॉम्प्युटरवर हलवून बघायचं सॉफ्टवेअर, त्याचा हा रिव्ह्यू. आधी स्टार देऊन मोकळी होते, पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच, फक्त तो सॉफ्टवेअरचा कापायचा की माझा हे अजून ठरत नाहीये.

मी पुण्यात पीएचडी करते, तिसरं वर्ष संपत आलंय, विषय पॉलिमरच्या पातळ फिल्म्स. म्हणजे प्लास्टिकचा १०-२० नॅनोमीटर जाडीचा थर घ्यायचा आणि त्यातले रेणू कसे हलतात, गार करत नेलं की कुठल्या टेंपरेचरला जखडून बसतात ते कॉम्प्युटरवर बघायचं. लॅबमध्ये आधी एक पेड पॅकेज होतं, दिसायला देखणं, सगळं माऊसनं व्हायचं, पण त्याचं लायसन्स संपलं आणि रिन्यूअलची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात दोन सेमिस्टर गेली, शेवटी सर म्हणाले नाद सोड त्याचा, लॅम्प्स शीक.

तर हे लॅम्प्स अमेरिकेतल्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीचं. ९०च्या दशकात सुरू झालं, स्टीव्ह प्लिम्प्टन यांचा ज्या पेपरवर ते उभं आहे तो १९९५चा, आधी फोर्ट्रानमध्ये होतं, मग २००४ला सी प्लस प्लसमध्ये नव्यानं लिहून ओपन सोर्स केलं. किंमत शून्य. व्हर्जनला नंबर नाही, तारीख असते, म्हणजे '२९ ऑगस्ट २०२४' हे व्हर्जनचं नाव, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सर डेडलाईन सांगतायत.

आतमध्ये काय चालतं ते अकरावीच्या फिजिक्सच्या फार पलीकडे नाही. प्रत्येक कणावर शेजारच्या कणांचा जोर किती ते काढायचं, त्यावरून त्याला इवलासा पुढे सरकवायचं, परत जोर काढायचा, परत सरकवायचं, असं लाखो-करोडो वेळा. खरे अणू घेतले तर एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं, म्हणजे एक नॅनोसेकंद बघायला १० लाख पावलं. लॅम्प्सची कमाल ही की बॉक्सचे, म्हणजे कण ज्या चौकोनी डब्यात हलतात त्याचे, तुकडे करून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला वाटून देतं, त्यामुळे माझ्या तापकीर गल्लीतून रॅम वाढवून आणलेल्या डेस्कटॉपवरही चालतं आणि सुपरकॉम्प्युटरवरही तीच फाईल तशीच चालते, एक ओळ बदलावी लागत नाही.

इन्स्टॉल करणं सोपं, उबुंटूवर एका कमांडमध्ये येतं. मी मात्र शहाणपणा करून स्वतः कम्पाईल केलं आणि मॉलिक्यूल नावाचं पॅकेज चालू करायचं विसरले, त्यामुळे बाँडची, म्हणजे कणांमधल्या जोडणीची, पहिली ओळ आली आणि गाडी बंद. पण इथे कौतुक करते, एररमध्ये स्वच्छ लिहून आलं की ही स्टाईल अमुक पॅकेजमध्ये आहे आणि ते तुमच्याकडे चालू नाही. अशी एरर देणाऱ्याला नमस्कार. (सगळ्या एरर अशा नसतात. 'लॉस्ट ॲटम्स' म्हणून एक येते, इतके अणू होते, इतके उरले, बस. कुठे गेले, का गेले, तुमचं तुम्ही शोधा.)

सोबत उदाहरणांचं फोल्डर येतं, त्यात मेल्ट नावाचं एक आहे, ४००० अणू, २५० पावलं. एंटर दाबून चहाचा कप उचलला तोवर संपलं होतं. गंमत म्हणजे १९६४ मध्ये अनीसुर रहमान यांनी, मूळचे हैदराबादचे, तेव्हा अमेरिकेत अर्गोन लॅबमध्ये होते, द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू त्या काळच्या सीडीसी ३६०० मशीनवर असेच हलवून दाखवले होते आणि द्रवातल्या अणूंच्या हालचालीचा आजचा सगळा धंदा तिथून पुढे आलाय. मी ते उदाहरण चालवून थेट फेसबुक उघडलं, असो.

आता पॉलिमर. प्लास्टिकचा प्रत्येक अणू धरत बसलं तर माझं रिटायरमेंट येईल, म्हणून क्रेमर आणि ग्रेस्ट यांचं १९९०चं मॉडेल वापरतात, साखळी म्हणजे मण्यांची माळ, दोन मण्यांच्या मध्ये एक स्प्रिंग, तीही अशी की ठरावीक लांबीच्या पुढे ताणलीच जात नाही म्हणजे माळा एकमेकींतून आरपार जात नाहीत. माझ्याकडे १०० मण्यांच्या २०० माळा, एकूण २० हजार मणी. स्क्रीनवर बघायला लॅम्प्सचं स्वतःचं काही धड नाही, आम्ही ओव्हिटो नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बघतो. आईनं एकदा मागून बघितलं, काळे मणी, सोनेरी मणी, म्हणाली, "अगं पीएचडी करतेस का पटवेकऱ्याकडे कामाला लागलीयेस?"

पहिली फिल्म बनवली, वर-खाली मोकळी जागा सोडली, रन टाकला, दहा मिनिटांनी बघते तर फिल्मचं धुकं झालेलं. माळा सगळ्या बॉक्सभर सैरावैरा. एरर? नाही. वॉर्निंग? नाही. झालं असं की मूळ मॉडेलमध्ये मणी एकमेकांना फक्त ढकलतात, ओढत नाहीत, कटऑफ (किती अंतरापर्यंतच्या मण्याचा जोर धरायचा तो आकडा) १.१२ असतो. गच्च भरलेल्या बॉक्समध्ये ते चालतं कारण पळायला जागाच नसते, पण मोकळी जागा दिली की त्यांना धरून ठेवणारं कोण? कटऑफ २.५ केला, आकर्षण आलं, फिल्म जागेवर बसली. एक आकडा. तो चुकीचा आहे हे लॅम्प्सला कळायचं कारणच नाही, त्याच्या दृष्टीनं तेही एक वैध विश्व आहे.

हे निभावलं, दहा मिनिटांचं नुकसान होतं. दुसरं सांगते, ते दोन आठवड्यांचं.

फिल्म आडवी ३४ बाय ३४, जाडी २०, बॉक्सची उंची ६०, म्हणजे वर-खाली मिळून ४० मोकळे. (युनिट मण्याच्या व्यासात, आमच्यात सगळं असंच मोजतात, टेंपरेचरसुद्धा १.० नि ०.४ असं.) टेंपरेचर १.० वरून ०.२ पर्यंत हळूहळू उतरवायचं आणि कुठे काच होते, म्हणजे मणी जागच्या जागी जखडतात, ते बघायचं. कॉलेजच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर) रांगेत नंबर लागला, दोन आठवडे चालू होता. निकाल आला, फिल्म ०.४च्या आसपास जखडते. आणि बिनाफिल्मचा, म्हणजे नुसता भरीव पॉलिमर? तोही तिथेच. डिट्टो. मी लगेच स्लाईड केली की पातळपणाचा काही परिणाम होत नाही, आणि वर मोठ्या फॉन्टमध्ये टायटल.

सरांनी स्लाईड बघितली, म्हणाले, "बॉक्सची उंची किती?"

"साठ, सर."

"ती सुरुवातीला. आत्ता किती?"

आत्ता किती हे मी बघितलंच नव्हतं. लॉग फाईल उघडली, व्हॉल्यूमचा कॉलम सगळ्यात शेवटी असतो, माझ्या टर्मिनलची खिडकी बारकी, तो कायम कडेच्या बाहेर. सुरुवातीला ७० हजार, आणि गार करायला सुरुवात व्हायच्या आधीच २४ हजारांच्या खाली. मी प्रेशर शून्य ठेव असं सांगणारी एनपीटीची ओळ (यात प्रेशर आपण ठरवतो आणि बॉक्स त्यासाठी लहानमोठा होतो) भरीव पॉलिमरच्या फाईलमधून तशीच कॉपी केली होती, तीन्ही बाजूंनी एकसारखी. आता फिल्मला पृष्ठताण असतो, ती आडवी आकसायला बघते, आणि मोकळ्या जागेचं प्रेशर काहीच नाही, म्हणजे सरासरी प्रेशर शून्याच्या खाली, मग ते शून्यावर आणायला लॅम्प्सनं इमानेइतबारे बॉक्स लहान करत नेला. ३४चा २४ झाला, ६०चा ४२ झाला, फिल्म जाड होत होत तिचं वरचं तोंड बॉक्सच्या सीमेवरून (बॉक्सची वरची कड खालच्या कडेला जोडलेली धरतात) स्वतःच्याच खालच्या तोंडाला जाऊन चिकटलं. म्हणजे मी दोन आठवडे भरीव पॉलिमरची भरीव पॉलिमरशीच तुलना करत होते. उत्तर डिट्टोच येणार ना.

सर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "चहा घेऊन ये, मग एनव्हीटी लाव." म्हणजे बॉक्सचा आकार पक्का धरून चालव.

तो एक स्टार इथे कापलाय. बॉक्सचा आकार पार तिसऱ्या हिश्श्यावर आला तर एक ओळ वॉर्निंग द्यायला काय जातं? पण आमच्या सीनियर दादाचं म्हणणं वेगळं, तो म्हणतो कोणाला खरंच काहीतरी दाबून बारीक करायचं असेल तर त्याला रोज ती वॉर्निंग बघावी लागेल, आणि व्हॉल्यूम तर छापलाच होता की. बरोबर आहे त्याचं. तरी कापला.

आणखी दोन बारीक गोष्टी, नवीन लोकांसाठी. लॉग फाईलचं नाव दर वेळी तेच असतं आणि नवीन रन जुन्यावर लिहितो, म्हणून रन टाकताना नाव बदलून द्यायची सवय लावा. दुसरं, कण बॉक्सच्या एका बाजूनं बाहेर गेला की दुसऱ्या बाजूनं आत येतो, तर डिफ्युजन, म्हणजे कण किती वेगानं पसरतात ते, काढायला गुंडाळलेले नाही, उलगडलेले कोऑर्डिनेट लिहून घ्या, नाहीतर कण कधीच लांब जात नाही असं दिसेल. आणि फिल्ममध्ये फक्त आडवी हालचाल मोजून चारनं भागायचं, सहानं नाही, कारण तीनऐवजी दोनच दिशा मोजतो. मॅन्युअल अवाढव्य आहे पण चांगलंय, प्रत्येक कमांडच्या पानावर खाली 'रिस्ट्रिक्शन्स' असतं ते वाचा, मी वाचत नव्हते.

दुसऱ्यांशी तुलना विचाराल तर प्रोटीन, पाणी, लिपिड असलं काम असेल तर ग्रोमॅक्स घ्या, त्यात ते जास्त सरळ होतं आणि वेगानंही. पण काचेवर बसलेली फिल्म, भिंतींमधून वाहणारा द्रव, खेचलं-दाबलं तर काय होतं, वाळूचे कण, धातू, असलं आडवंतिडवं काही असेल तर लॅम्प्सच, भिंत हवी तर भिंतीची कमांडसुद्धा बऱ्याच प्रकारची आहे. माऊसवाल्यांसाठी आता छोटं जीयूआय पण निघालंय. आणि एक लक्षात ठेवा, आकडे थेट लॅबच्या आकड्यांशी लावू नका, लॅबमध्ये मिनिटाला १० डिग्रीनं गार करतात, आपण कॉम्प्युटरवर त्याच्या अब्जावधी पट वेगानं, त्यामुळे काच होण्याचं टेंपरेचर वरच येतं. फिल्म आणि भरीव दोन्ही एकाच वेगानं गार करा आणि फरक बघा.

फरक दिसतो पण. नवीन रनमध्ये मोकळ्या पृष्ठभागाजवळचे मणी आतल्यांपेक्षा स्पष्ट चपळ आहेत, थर पाडून मोजलं की दिसतं, आणि १९९४ मध्ये केडी, जोन्स आणि कोरी यांनी सिलिकॉनवरच्या पॉलिस्टायरीनच्या फिल्मवर हेच दाखवलं होतं की जाडी कमी झाली की काच होण्याचं टेंपरेचर खाली येतं, १० नॅनोमीटरला साधारण २५ डिग्रीनं. माझे मणी म्हणजे काही पॉलिस्टायरीन नव्हे, पण दिशा तीच निघतेय.

आत्ता हे टाईप करतेय तेव्हा रन ०.४६ टेंपरेचरला आहे. उंचीचा कॉलम आता सगळ्यात पहिला छापायला लावलाय. एनव्हीटीमध्ये तो बदलूच शकत नाही हे माहितीये, तरी मघाशी बघून आले, साठ आहे.