जळालेली ई-टाइप घेण्याआधी इन्स्पेक्शन करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

जॅग्वार ई-टाइप, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 4.2 लिटर इंजिनची, बंद छताची (कूपे), बोनेटखाली आग लागून गेलेली, विकायला होती आणि भाव ऐकून कुणालाही मोह पडावा असा. मालक म्हणत होता "फक्त वायरिंग आणि कार्बोरेटर गेलेत, बाकी धुतलं की झालं". म्हणून आधी क्लासिक गाड्या तपासणाऱ्या एका स्वतंत्र माणसाला बोलावलं, कुठल्या गॅरेजशी किंवा डीलरशी संबंध नसलेला, आणि मनापासून सांगतो, अशा गाडीवर पहिला खर्च करायचा तर हाच करा.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे काळं काय झालंय हे त्यांनी आधी बघितलंच नाही. काजळी काय, सगळीकडेच जाते. ते शोधत होते की काय वितळलं आणि काय वितळलं नाही. रेडिएटरचं सोल्डर साधारण तीनशे डिग्रीच्या आत सुटतं, झिंकचे ओतीव पार्ट 385 च्या आसपास, शुद्ध ॲल्युमिनियम 660 ला आणि कार्बोरेटरचं ओतीव ॲल्युमिनियम त्याच्याही जरा आधी. म्हणजे कुठे किती ताप होता हे गाडीच सांगते, विचारणारा पाहिजे. इथे तीन एसयू कंपनीच्या कार्बोरेटरपैकी मागचा, बल्कहेडकडचा (बल्कहेड म्हणजे इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत), अर्धा ओघळलेला, पुढचा जवळपास शाबूत, आणि रेडिएटरचे सांधे जागच्या जागी. म्हणजे खरी आग मागच्या कोपऱ्यात होती, आणि नेमका तोच कोपरा ह्या गाडीत महत्त्वाचा.

कारण ई-टाइपमध्ये इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन नळ्यांच्या फ्रेमवर असतं आणि ती फ्रेम बल्कहेडला बोल्टनी लावलेली असते. फ्रेम जळली तर काढून नवीन लावता येते, नवीन बनवलेल्या मिळतात. पण बल्कहेड वाकलं तर ते मागच्या अख्ख्या बॉडीशी जोडलेलं, तिथे कामाला अंतच नाही. त्यामुळे बराच वेळ त्यांनी तिथेच घातला. स्टीलची सरळ पट्टी लावून पाठीमागून टॉर्च मारायची आणि फटीतून उजेड येतो का बघायचं, मग अंगठ्याने दाबत जायचं. हीटरच्या जवळ एका ठिकाणी पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्क करून आत जायचा आणि परत बाहेर यायचा, म्हणजे तेवढा भाग तापून ताणला गेलाय. मग आत जाऊन कार्पेट आणि डांबरी मॅट उचलून बघितलं, तिथला मूळ रंग तसाच, फोडसुद्धा नाही. ते बघून माझा जीव भांड्यात पडला.

अजून एक गोष्ट जी मला माहीतच नव्हती आणि बऱ्याच जणांना नसेल. चासी नंबर फ्रेमवरच ठोकलेला असतो, उजव्या बाजूला पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर. फ्रेम बदलली की मूळ ठोकलेला नंबर गेला, मग कागदपत्रांचं आणि पुढे विकताना किमतीचं काय? जुनी फ्रेम टाकून द्यायची नाही आणि काढण्याआधी नंबरचे फोटो काढून ठेवायचे असं त्यांनी लेखी दिलंय.

मग टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम करणाऱ्या स्टीलच्या दांड्या. ते टेंपर केलेलं स्प्रिंग स्टील, जास्त तापलं की बाहेरून ठीक दिसतं पण ताकद गेलेली असते, म्हणून गाडी दोन्ही बाजूंनी किती उंच बसलीय ते मोजलं. एका बाजूला खाली बसली होती, रिपोर्टमध्ये "बदलणे" असंच लिहिलंय. वायरिंगच्या जळलेल्या पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि दमट हवेत त्याचं ॲसिड होतं, वर विझवायला मारलेली पावडर पण ॲल्युमिनियम खाते, म्हणून गाडी जितके दिवस न धुता पडून तितकं नुकसान वाढतच जातं. हात लावताना ग्लोव्ह्ज घालायला लावले ते बरं केलं, कारण नंतर कुणी बदललेले फ्लुओरो-रबरचे (फ्लुओरीन असलेल्या सिंथेटिक रबरचे) सील जळले असतील तर त्यातून हायड्रोफ्लुओरिक ॲसिड निघू शकतं, ही गंमत नाही.

आता तक्रारी. रिपोर्टमधल्या फोटोंवर नावंच नाहीत, कुठला फोटो कुठल्या भागाचा हे फोन करून विचारावं लागलं. खर्चाचा अंदाज अगदीच मोघम. आणि इंजिनचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असून फक्त बाहेरून हार्डनेस टेस्टर लावला, उघडून सपाटी तपासली नाही. हेड उघडायला मालकाची परवानगी लागते हे मान्य, पण हे बुकिंग करतानाच सांगायला हवं होतं, मी आधीच मालकाशी बोललो असतो.

पाचपैकी चार स्टार. मालक आता हेड उघडून द्यायला तयार झालाय, हेड सपाट निघालं आणि फ्रेम, टॉर्शन बार, वायरिंग धरून भाव कमी केला तर गाडी घेणार, नाहीतर नाही.