बुद्धी शाबूत असतानाच कोणते कागद करावेत? कुलमुखत्यारपत्र, ट्रस्ट आणि लिव्हिंग विल

बाबांचं रीतसर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मला देणारा कागद, आमच्याकडे होतं. त्यांची मुदत ठेव मोडायला मी ते घेऊन बँकेत गेले. साहेबांनी कागद वाचला आणि आपुलकीने विचारलं, "काका कसे आहेत आता?" मी खरं ते सांगितलं, की आता माणसं ओळखत नाहीत. त्यांनी फोल्डर मिटून हळूच माझ्याकडे सरकवलं.

त्यांचं चुकलं नव्हतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत असं पत्र पुढेही चालतं, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे पाय थकलेत पण डोकं शाबूत आहे, किंवा माणूस परगावी आहे, तर कुलमुखत्यारपत्र उत्तम. विस्मरणाच्या भीतीने ते करत असाल, तर ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी ते हातातून जाईल. मग उरतं कोर्ट. मुंबई आणि केरळ उच्च न्यायालयांनी कोमातल्या रुग्णांसाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमले आहेत, पण त्यासाठी घरच्यांना याचिका करावी लागते.

पैशांच्या बाबतीत खरी तुलना करायची ती खासगी ट्रस्टशी. १८८२ च्या न्यास कायद्याखाली मालमत्ता ट्रस्टीच्या, म्हणजे ती सांभाळणाऱ्या विश्वस्ताच्या, नावावर जाते, त्यामुळे पुढे तुमची बुद्धी साथ देवो न देवो, कारभार थांबत नाही. सांभाळणाऱ्या बाईंचा पगार कुठून द्यायचा, एक ट्रस्टी गेला तर दुसरा कोण, हे सगळं त्यात लिहिता येतं. घर त्यात घालायचं तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आलंच. थोडक्या ठेवींसाठी हा खटाटोप मी करणार नाही. भाड्याचं घर असेल किंवा अपंग मूल मागे असेल, तर नक्की करेन.

रोजच्या खर्चाला 'आयदर ऑर सर्व्हायवर' (दोघांपैकी कुणीही एकटं चालवू शकेल असं) संयुक्त खातं पुरतं. मात्र दुसरा खातेदार ते रिकामंही करू शकतो, म्हणून काही महिन्यांच्या खर्चापुरतेच पैसे तिथे ठेवावेत. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही मृत्यूनंतरच कामाला येतात.

उपचारांसाठीचे दोन कागद लोक एकच समजतात. लिव्हिंग विलला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली. जानेवारी २०२३ पासून ते करायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पण ते लागू होतं, ते बरं होण्याची आशा उरली नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नाकारण्यासाठी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खालचा आगाऊ निर्देश वेगळा. मानसिक आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोण बोलेल, ते त्यात लिहायचं. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू नाही. लिव्हिंग विल प्रत्येकाने करावं असं माझं मत आहे. पूर्वी मानसिक आजार होऊन गेला असेल, तर दुसराही करावा.

सह्यांच्या दिवशीच डॉक्टरांकडून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला घ्या, पुढे कुणी शंका काढली तर तोच उपयोगी पडतो. आईच्या वेळी आम्ही तो घेतला. तिने चष्मा लावून प्रत्येक पान वाचलं आणि ट्रस्टी म्हणून माझं नाव खोडून धाकटीचं घालायला लावलं. "तू लांब असतेस," म्हणाली. बरोबरच होतं तिचं.