ग्राफिक्स ड्रायव्हर: विंडोज अपडेटमधून की कंपनीच्या साइटवरून?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’खाली ग्राफिक्स कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसलं, की समजा कार्डाचा खरा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) चालूच नाही. मग अक्षरं बेढब दिसतात, व्हिडिओ अडखळतो.

विंडोज अपडेटचा मार्ग सोपा: नेट जोडा, ‘ऑप्शनल अपडेट्स’ तपासा, रीस्टार्ट करा. मेल, यूट्यूब, टॅलीपुरतं तेवढं पुरे. पण तिथला ड्रायव्हर बरेचदा जुना असतो.

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल, तर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरूनच घ्या. मॉडेल मात्र अचूक निवडा. चुकीचा ड्रायव्हर आधीच बसला असेल, तर एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक करा; जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात. लॅपटॉपवर मात्र मी आधी लॅपटॉप कंपनीने दिलेलाच ड्रायव्हर टाकेन.