साडेतेरा हजारांचं थर्माकोल

माझ्याकडे सध्या सायकलची अडीच हेल्मेटं आहेत. अर्धं आहे ते ११५० रुपयांचं. मीच करवतीने मधोमध कापलं. दुसरं साडेतेरा हजारांचं, लेकीने पन्नाशीला दिलेलं. तिसरं ५४०० चं, गेल्या दिवाळीनंतर माझं मी घेतलेलं. रविवारी माझ्याबरोबर खडकवासल्यापर्यंत येणाऱ्या चौघीजणी दर दोन महिन्यांनी तोच प्रश्न नव्याने विचारतात, "अगं, महागाचं घेऊ का गं?" चौघींना चार वेगवेगळी उत्तरं देऊन झाली, आता एकदाच लिहून टाकते. कंपन्यांची नावं घालत नाही. मॉडेलं दोन-दोन वर्षांनी बदलतात, आणि नाव वाचलं की लोक पुढचं वाचत नाहीत.

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते. भोसरीतल्या एका कारखान्यात मी २७ वर्षं पॅकेजिंग बघितलं. आम्ही मीटर बनवायचो. नवीन खोका आला की तो ठरलेल्या उंचीवरून फरशीवर सोडायचा, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. मग उघडून आत काय मोडलं ते वहीत लिहायचं. लग्नात आलेला आहेर उघडतानाही मी आधी खोक्यातलं थर्माकोल बघते, असं सासरी अजून सांगतात. तर हेल्मेट म्हणजे डोक्याचं पॅकिंग. वरचं चकचकीत कवच राहू दे बाजूला, काम करतं ते आतलं थर्माकोल. फ्रिजच्या खोक्यात असतं तेच, फक्त बरंच घट्ट. आमच्या खोक्यांतलं घनमीटरला वीस किलोच्या आसपास असायचं, हेल्मेटमधलं साधारण साठ ते शंभर. दुकानात लोक हेल्मेटचा रंग बघतात, मी उलटं करून दाणा बघते.

आता ते अर्धं हेल्मेट. सकाळी सव्वासहा, पाषाणकडून सूसकडे, वेग बावीस-तेवीस. चहाच्या टपरीमागून कुत्रं आडवं आलं आणि मी दाबू नये तोच ब्रेक दाबला. त्यानंतरचं आठवतं ते उजव्या कानाच्या वर आलेला आवाज. थर्माकोलच्या ताटलीवर पाय पडावा तसा, कोरडा. कोपर सोललं, गुडघा सुजला, डोकं मात्र ठणठणीत. टपरीवाले मामा पाणी घेऊन धावत आले आणि म्हणाले, "ताई, टोपी फुटली तुमची."

खरं तर बाहेरून फुटल्यासारखं फारसं दिसत नव्हतं. चार ओरखडे आणि एक हलकीशी खळी. घरी आल्यावर ह्यांनी फिरवून फिरवून पाहिलं. "चांगलं तर आहे. अजून दोन वर्षं जाईल." मी माळ्यावरून करवत काढली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मधोमध चिरलं. डावीकडे थर्माकोलची जाडी २५ मिलिमीटर, उजवीकडे मार लागला तिथे १८. डावीकडचे दाणे भिजलेल्या साबुदाण्यासारखे गोल, टपोरे. उजवीकडे त्याच साबुदाण्याचे पोहे झालेले. आतून बारीक तडे गेले होते, नख घातलं की उघडत होते. चेपलेला दाणा परत फुगत नाही. त्या जागी दुसऱ्यांदा मार बसला असता तर चेपायला काही उरलंच नव्हतं. ह्यांनी एक अर्धा उचलला आणि त्यात मनीप्लँट लावला. दुसरा मी ठेवलाय, वाद घालायला उपयोगी पडतो.

ते सात मिलिमीटर म्हणजे हेल्मेटने केलेलं सगळं काम. डोक्याला थांबायला तेवढी जागा मिळाली. हेल्मेट नसतं तर काय झालं असतं ते मी ठामपणे सांगणार नाही. ड्रॉप टेस्टमध्ये आम्ही एक खोका पॅकिंगशिवायही टाकून बघायचो, ती सोय इथे नाही.

सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटर, फार तर थोडं वर. तुम्ही बावीसने जा नाहीतर बत्तीसने, डोकं सरळ खाली किती जोरात आदळणार हे मुख्यतः या उंचीवर ठरतं. परीक्षाही तशाच बेतलेल्या आहेत. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सपाट लोखंडावर साधारण दीड मीटरवरून पडावं तितक्या वेगाने आपटतात, आणि धक्का २५० जी च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटीच्या, आत राहिला पाहिजे. अमेरिकेच्या सीपीएससी या मानकात उंची दोन मीटर, मर्यादा ३०० जी. माझ्या ११५० वाल्याच्या आत ईएनचा स्टिकर होता. साडेतेरा हजारवाल्यातही तोच ईएनचा स्टिकर आहे. पास म्हणजे पास. महागडं हेल्मेट दोनदा पास झालं, असं काही नसतं.

अमेरिकेतल्या बायसिकल हेल्मेट सेफ्टी इन्स्टिट्यूटने हे करूनच बघितलं होतं. वीस डॉलरच्या आतली तीन आणि दीडशे डॉलरच्या वरची तीन हेल्मेटं प्रयोगशाळेत आपटली. निकाल जवळजवळ सारखे. मला याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही निर्यातीच्या गुळगुळीत छापील खोक्यात आणि साध्या तपकिरी खोक्यात थर्माकोल एकाच मोल्डचं असायचं.

मग साडेतेरा हजार जातात कुठे? वाऱ्यात. माझ्या महागड्या हेल्मेटला २१ भोकं आहेत आणि वजन २३५ ग्रॅम. जुनं ३४० ग्रॅमचं होतं. दोन अंड्यांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तीन तास मान पुढे ताणून बसल्यावर ही दोन अंडी कळतात. भोकांची एक गंमत मात्र विक्रेता सांगत नाही. जितकं थर्माकोल काढून टाकाल, तितकं उरलेलं जास्त घट्ट करावं लागतं, नाहीतर परीक्षेत नापास. मग तुकडे सुटू नयेत म्हणून आत नायलॉनचा सांगाडा घालायचा. असला मोल्ड महाग पडतो, आणि ती किंमत आपण भरतो. कारागिरी म्हणून मला त्याचं कौतुक आहे. सुरक्षेसाठी मात्र मी अशी जाळी कधी मागितली नसती.

पण एप्रिलमध्ये सिंहगड चढायला घ्या. गोळेवाडीपासून वर गाडीतळापर्यंत माझा वेग आठ, कधी सात. त्या वेगाला वारा नसतोच, असते ती आपलीच वाफ. जुन्या हेल्मेटात कपाळावरचा जाड पॅड घाम पीत राहायचा आणि मी खाली बघितलं की सगळा एकदम डोळ्यांत. महागड्यात डोक्यावरून हवा गेल्याचं खरंच जाणवतं, वळणावर तर नक्की. शिवाय चुंबकाचं बक्कल. एका हाताने लागतं, गळ्याची कातडी चिमटत नाही. मागची डायल अर्धी-अर्धी कट् करत फिरते आणि तिच्यावरून वेणी बाहेर काढायला जागा आहे. ही जागा ज्याने काढली त्याच्या घरात लांब केसांची बाई असणार.

तक्रारी. पॅड इतके पातळ की वर्षभरात विरले, आणि नवा संच मागवला तर आठशे रुपये. आठशे! तेवढ्यात थोडे घातले तर जुन्यासारखं अख्खं हेल्मेट आलं असतं. पावसाळ्यात ते पॅड दोन दिवस वाळत नाहीत आणि वास येतो तो विचारू नका. मागचं शेपूट वारा कापण्यासाठी निमुळतं केलंय म्हणे. माझा सरासरी वेग अठरा आहे, मी कुठला वारा कापणार?

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे इतके पैसे घेऊन त्यात सरकता थर नाही, ज्याला मिप्स म्हणतात तो. हा विषय मला उशिरा कळला, कारण आमच्या धंद्यात तो नव्हताच. मीटर खोक्यात जरा फिरला तर फिरू दे, त्याला काय होतंय. मेंदूचं तसं नाही. रस्त्यावर माणूस नारळासारखं सरळ खाली पडत नाही, तिरकं पडतं. हेल्मेट डांबराला धरतं आणि डोकं झटक्यात वळतं. आतला मेंदू त्या पिळण्याला सरळ धक्क्यापेक्षा जास्त नाजूक. यावर स्टॉकहोममध्ये हान्स फॉन होल्स्ट नावाचे मेंदूचे सर्जन आणि पीटर हाल्डिन हे संशोधक यांनी काम केलं, आणि त्यातून हा थर आला. हेल्मेट आणि डोकं यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ जाळी असते, मार बसताच ती दहा-पंधरा मिलिमीटर सरकते. बस, एवढंच.

ईएन आणि सीपीएससीच्या ज्या आपटण्याबद्दल वर सांगितलं, त्यात हे वळणं मोजतच नाहीत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात मोजतात. सँडपेपर लावलेल्या उतरत्या लोखंडावर हेल्मेट आपटतात आणि तारे देतात. २०१८ मध्ये त्यांनी सायकलच्या ३० हेल्मेटांची पहिली यादी काढली. पाच तारे फक्त चार हेल्मेटांना मिळाले, आणि चारही मिप्सवाली होती. त्यातलं एक ७५ डॉलरच्या आसपासचं. म्हणजे जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते या थराला द्यावेत, भोकांना नव्हे. केसांवर हेल्मेट तसंही सरकतंच, मग जाळी कशाला, असं म्हणणारेही आहेत. तेल लावून घातलेल्या वेणीला तो मुद्दा जरा जास्तच लागू.

म्हणून ५४०० वालं. गोलमटोल, ३२० ग्रॅम, बारा भोकं, आत पिवळी जाळी. दिसायला अगदीच मावशीबाई. गोल आहे म्हणून रस्त्यावर घसरेल, अडकणार नाही, हे मला आवडलं. जाळीत केस अडकतात आणि काढताना दोन-तीन उपटून येतात. माझ्या वयात हा हिशोब ठेवावा लागतो. पुढची चोच मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. चढावर महागड्यापेक्षा गरम होतं, हे कबूल. रोजच्या कोथरूड-पाषाण फेरीला हेच घालते. सिंहगडाला, एप्रिल-मेमध्ये, अजूनही लेकीचं काढते. दिलेलं आहे, थंड आहे, आणि ती फोटोत बघते.

एका प्रकाराला मात्र हात लावू नका. पेठेतल्या एका दुकानात मला ३५० रुपयांचं मुलांचं हेल्मेट दिसलं, बाहेर कार्टून, आत ईएन नाही, सीपीएससी नाही, काहीच नाही. थर्माकोलवर अंगठ्याचं नख दाबलं तर खड्डा पडला. जाडी जेमतेम बारा मिलिमीटर. दुकानदार म्हणाले, "काकू, नखं नका लावू, माल खराब होतो." अहो, नखाने खराब होतो तो माल फुटपाथला कसा पुरणार? मोटारसायकलच्या हेल्मेटला आपल्याकडे आयएस ४१५१ आहे आणि सक्तीही आहे, सायकलवाल्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे आतला स्टिकर आपणच बघायचा. सक्ती म्हटलं की पुण्यात काय होतं ते २०१९ च्या जानेवारीत सगळ्यांनी पाहिलंच आहे. दुचाकीवाल्यांच्या त्या मोर्चात पगड्यासुद्धा निघाल्या होत्या.

बसण्याबद्दल दोन गोष्टी, कारण पाच हजारांचं हेल्मेट तिरकं बसलं तर ते अकराशेच्या नीट बसलेल्यापेक्षा वाईट. एक, कपाळावर. भुवयांच्या वर दोन बोटं, बास. आमच्यातली एक ते टाळूवर मागे सारून घालते, गजरा माळल्यासारखं. दोन, खाली स्कार्फ नको. पुण्यातली धूळ मला कळते, पण डोक्याला दोन वेढे कापड गुंडाळून त्यावर हेल्मेट घातलं की सगळं माप बिघडतं, आणि कापड घसरतं. तोंडाला बांधा, डोक्याला नको. बक्कल न लावता मान हलवून बघा. डायल आवळल्यावर हेल्मेट जागचं हललं, तर साइज चुकली. माझं डोकं ५४ सेंटीमीटर आहे, दुकानातल्या मुलाने मला "फ्री साइज आहे मॅडम" म्हणून एल दिलं होतं. हँडलला लटकवून सायकल चालवणाऱ्यांशी मी बोलणं सोडलंय.

चौघींपैकी एकीने परवा अठरा हजारांचं बघून ठेवलंय. मी ते अर्धं हेल्मेट पिशवीतून काढलं, साबुदाणा दाखवला, पोहे दाखवले, जाळी आहे का विचारलं, दुकानात वेणी घालून दहा मिनिटं बसून बघ म्हटलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"पण रंग काय सुंदर आहे गं."