सिरियलमधलं कॉलेजचं प्रेम खरं वाटतं का? झेरॉक्सवाल्या काकूंचा रिव्ह्यू

सासूबाईंसाठी यंदा मालिकांच्या अ‍ॅपचं वर्षाचं पॅक घेतलं. त्या मागत नाहीत कधी काही, फक्त संध्याकाळी सात वाजता रिमोट मांडीवर घेऊन बसतात आणि केबल गेली की कोणाशी बोलत नाहीत, त्यामुळे घेऊन टाकलं. अ‍ॅपबद्दल दोन ओळीत सांगते कारण मला बोलायचंय दुसऱ्याच गोष्टीवर. पैसे भरूनसुद्धा मध्ये जाहिराती येतात, मराठीत टाइप करून शोधलं तर भलतंच काहीतरी निघतं, पण स्पीड वाढवून बघता येतं हे फार म्हणजे फार चांगलं आहे. दीडच्या स्पीडला लावलं की ते तीन तीन वेळा चेहऱ्यावर झूम होणं पटकन उरकतं आणि भांडी घासायच्या आत एक एपिसोड होतो. अ‍ॅपला तीन स्टार, विषय संपला.

आता मुद्दा. आमच्या घरी आई म्हणजे सासूबाई एकामागून एक कॉलेजच्या लव्हस्टोरीवाल्या मालिका बघतायत, आणि शेजारी आमची मुलगी बसलेली असते, बारावीला आहे, पुस्तक उघडं आणि डोळे टीव्हीवर. ती दर पाच मिनिटांनी म्हणते आजी असं कोणी करत नाही गं. आणि आई म्हणतात तुला काय माहिती. यावर मी कोणाच्या बाजूने बोलायचं? तर मी माझं मत दुकानातून बनवलंय. ठाण्याला नौपाड्यात आमचं झेरॉक्स स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, हे सकाळी बघतात, मी दुपारपासून. अकरावी बारावीची मुलं, क्लासची मुलं, जर्नल, स्पायरल बायंडिंग, प्रिंटआउट. कोणाचं कोणाशी चाललंय हे आम्हाला त्यांच्या आईवडिलांच्या आधी कळतं, विचारावं लागत नाही, कळतंच. मुलगा येतो आणि म्हणतो काकू दोन सेट करा. महिनाभर दोन सेट. मग एक दिवस येतो, काकू एकच. मी काही बोलत नाही, एकच काढते. आता तुम्ही मला सांगा कुठल्या मालिकेत ब्रेकअप असं दाखवलंय, तिकडे ब्रेकअप म्हणजे पाऊस, वीज आणि मंदिराच्या पायऱ्या.

पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे वय. मालिकेतलं कोणीही कधीही कितवीला आहे ते सांगत नाही!! फक्त "कॉलेज". कॉलेजला चाललीये, कॉलेजमधून आली, कॉलेजात गॅदरिंग आहे. आर्ट्स की सायन्स, एफवाय की टीवाय, काही नाही. आणि अकरावी बारावी तर महाराष्ट्रातून कोणीतरी रद्द केल्यासारखीच गायब असते. पण ठाण्यात तुम्ही खरंच बघा, पहिलं प्रेम होतं ते तिथेच, सोळा सतरा वर्षांत, क्लासच्या जिन्यात. मालिकावाल्यांची अडचण मला समजते. मुलीचं लग्नाचं वय 18, मुलाचं 21, आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याने 18 च्या खालचं प्रत्येक जण बालक, मग संध्याकाळी साडेसातला घरातल्या सगळ्यांसमोर कोण अकरावीतली लव्हस्टोरी दाखवणार. म्हणून वर्ष सांगायचंच नाही आणि पंचविशी ओलांडलेल्या मुलीला दोन वेण्या घालून उभी करायची. हिंदीत तर उलटंही झालंय, अविका गोर 1997 ची आणि 2011 ला "ससुराल सिमर का" मध्ये ती लग्न झालेल्या बाईचं काम करत होती, म्हणजे जेमतेम चौदा वर्षांची. सोळाचं माणूस सोळाचंच दिसेल असं आपल्या टीव्हीवर फार क्वचित झालंय.

दुसरं म्हणजे या लोकांकडे वेळच वेळ असतो. लेक्चर नाही, प्रॅक्टिकल नाही, अटेंडन्सची भानगड नाही. कँटीन आणि गेट, गेट आणि कँटीन. व्हॅलेंटाइन स्पेशल एपिसोडला तर अख्ख्या कॉलेजला फुगे लावलेले, आणि मला हसूच येतं कारण बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत असते, 2025 ला ती 11 तारखेला सुरू झाली. म्हणजे 14 फेब्रुवारीला खरा बारावीतला प्रेमवीर आमच्या दुकानात लाल गुलाब घेऊन नाही, मागच्या पाच वर्षांचे पेपर घेऊन उभा असतो. एकाने मला विचारलं होतं काकू कव्हर पेजवर छोटं हार्ट प्रिंट होईल का, पेपर तिला द्यायचेत. केलं प्रिंट. ब्लॅक अँड व्हाइटमध्येच, कलरचे पैसे जास्त होतात म्हणाला.

आणि पैसे! हिरो असेल तर चारचाकी घेऊन येतो नाहीतर इतका गरीब की सायकल, आणि मधलं कोणी नाही. खरी मुलं वडापाव अर्धा अर्धा करतात आणि जीपेवर चाळीस रुपये राहिलेत ते दिवसभर पुरवतात. जायला जागा कुठे आहे सांगा, तलावपाळीला गेलं की कोणाचा तरी काका चालायला आलेला असतो, उपवनला गेलं तर क्लासचे सर जॉगिंग करताना भेटतात, मॉलमध्ये एसीत बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. ठाणे मोठं झालं म्हणतात, पण सोळा वर्षांच्या मुलीला विचारा, तिला प्रत्येक वळणावर ओळखीचंच कोणीतरी दिसतं. मालिकेत हे दोघं मात्र तासभर तळ्याकाठी बसलेले आणि मागे एक माणूस फिरकत नाही.

मग ही मुलं भेटतात कुठे, तर ट्रेनमध्ये. ऐरोली रबाळे घणसोलीची बरीच मुलं ठाण्यात शिकायला येतात, ठाणे वाशी लाइन 2004 ला सुरू झाली तेव्हापासून हे चाललंय. ठाण्याच्या 10 नंबर प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी उभं राहून बघा एकदा. मुली लेडीज डब्यापाशी घोळक्याने, मुलं तिकडे पुढे. सगळे एकाच गाडीने जाणार पण वेगळ्या डब्यातून. आणि एक दिवस त्या घोळक्यातली एक मुलगी मैत्रिणींना म्हणते तुम्ही व्हा पुढे, आणि लेडीज सोडून जनरलला चढते. बस. झालं. हे तिचं प्रपोज आहे. तिच्या मैत्रिणींना ते लगेच कळतं, त्या मुलालाही कळतं आणि तो इतका घाबरतो की घणसोलीपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसतो. मी माहेरी कोपरखैरण्याला जाते येते तेव्हा हे बघते. मला सांगा यात नाटक कमी आहे का? पण मालिकेत ट्रेनच नसते, कारण ट्रेनमध्ये शूटिंग करायचं म्हणजे परवानगी, गर्दी आणि खर्च, त्यापेक्षा घोडबंदर रोडवरचा बंगला बरा, आठ तास लाइट लावून सोडा.

खरं कारण इथेच आहे असं मला वाटतं. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा एपिसोड, प्रत्येकी वीसबावीस मिनिटं, आणि हे सगळं एका घराच्या सेटवर उरकायचं असतं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, देवघर. सगळा पैसा त्या घरात लागलाय, मग कॉलेजवर किती दिवस घालवणार. त्यामुळे प्रेम काहीही करून घरात आणावंच लागतं, म्हणजे लग्न लावून द्यावं लागतं, म्हणजे ते दोघं एकमेकांना नीट ओळखायच्या आत ती सून होते आणि सासू तिच्या डब्यात मीठ टाकते. कॉलेज हा फक्त लग्नाचा पत्ता. आमच्या वेळची "हिप हिप हुर्रे" आठवते का कोणाला, 1998 ची झी टीव्हीवरची, बारावीच्या वर्गाची? ती आठवड्यातून एकदा लागायची. घाई नव्हती, लग्न करायचं नव्हतं कोणाला, त्यामुळे मुलं मुलांसारखी भांडायची आणि मार्कांना घाबरायची. मला वाटतं हा फरक लिहिणाऱ्यांच्या हुशारीचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे. आणि लग्न लावायचा हा आजार फक्त आपल्याकडे आहे असंही समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या "नेबर्स" मध्ये 1987 ला शार्लीन आणि स्कॉट या विशी न गाठलेल्या जोडीचं लग्न लावलं होतं, शार्लीन म्हणजे कायली मिनोग, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये तो एपिसोड दोन कोटीच्या आसपास लोकांनी बघितला. लोकांना आवडतं, काय करणार.

मोबाइलचं तर बोलायलाच नको. गैरसमज होतो तो तीन आठवडे चालतो आणि एका मेसेजने मिटला असता. ऐन वेळी फोन स्विच ऑफ, नाहीतर काकूच्या हातात. आमच्या मुलीचं म्हणणं की आजकाल भांडण फोन नसल्यामुळे होतच नाही, फोन असल्यामुळे होतं. ऑनलाइन होतास आणि रिप्लाय नाही दिलास. तिच्या स्टोरीला लाइक केलंस. क्लोज फ्रेंड्समधून मला काढलंस. लोकेशन बंद का केलंस. रात्री दोन वाजता लास्ट सीन कसं काय, मला तर साडेदहाला गुड नाइट केलं होतंस. यावर मालिका लिहा ना कोणीतरी, आई पण बघतील, त्यांना संशयाचा ट्रॅक फार आवडतो.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात खोटी वाटते आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. आडनाव. मालिकेत अडचण कायम श्रीमंत गरीब, नाहीतर पत्रिका, नाहीतर जुनं खानदानी वैर. जात नावाची गोष्टच नाही. दुकानात मी ऐकते ना, मुलगी मैत्रिणीला सांगत असते घरी नुसतं नाव सांगितलं तर आई लगेच म्हणाली पूर्ण नाव काय. पूर्ण नाव काय, या तीन शब्दांत किती प्रेमं संपतात. सोळा वर्षांच्या मुलांना सुरुवातीला त्याचं काही नसतं, मग घरून कळतं आणि दोघं आपोआप लांब होतात, कोणी व्हिलन लागत नाही, विष लागत नाही. हे दाखवायला चॅनेलला भीती वाटत असणार, समजू शकते, पण मग विश्वासार्ह म्हणू नका.

चांगलं काहीच नाही का? आहे. "लागिरं झालं जी" मी परत बघितली या निमित्ताने, 2017 ते 19 मधली, साताऱ्याकडची. त्यातला अज्या मला पटतो कारण त्याला प्रेमाशिवाय दुसरं काम आहे, त्याला मिलिटरीत भरती व्हायचंय, पळायला जायचंय, त्याच्या डोक्यात ते आधी आहे आणि शितली नंतर घुसते. आणि ते बोलतात पण तिकडच्यासारखे, पुस्तकातलं नाही. नंतर नंतर तीही लग्न, सासर या रस्त्याला लागली, पण सुरुवातीचे एपिसोड दीडच्या स्पीडला लावू नका, नॉर्मलला बघा.

दुसरं माझं निरीक्षण असं की मेन जोडी कायम खोटी असते आणि साइडची खरी निघते. हिरोइनची धाकटी बहीण, किंवा धाकटा दीर. आई सध्या बघतात त्या एका मालिकेत असा एक दीर आहे, कॉलेजला, आणि त्याला एक मुलगी आवडते. त्या ट्रॅकवर कोणाचं लक्ष नाही, टीआरपी त्यावर नाही, म्हणून लेखकाने मोकळेपणाने लिहिलंय बहुतेक. तो मुलगा तिला फोन करायच्या आधी काय बोलायचं ते वहीत लिहून काढतो आणि तिने उचलला की बायोलॉजीचं पान विचारतो. दोन मिनिटांचा सीन, मागे बासरी पण नव्हती. आमची मुलगी पहिल्यांदाच गप्प बसली. आणि पुढच्या आठवड्यात त्याला अपघात करून कोमात टाकला, कारण मेन जोडीला हॉस्पिटलमध्ये भेटवायचं होतं. काय बोलायचं आता.

आईंना एकदा विचारलं की तुम्हाला हे खरं वाटतं का हो. त्या म्हणाल्या, खरंच बघायचं असतं तर गॅलरीत बसले असते. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ते बघणं मात्र खरं असतं हां, तेवढं खरं. म्हणजे ते स्लो मोशनमध्ये एकमेकांकडे बघणं, जे आम्ही दोघी पुढे ढकलतो ते. त्यांचं लग्न चहापोह्यांचं, मामंजींना आधी एकदाच बघितलेलं, तेही मान खाली घालून. त्यांना ते मिनिटभराचं बघणं पुरत नाही, त्या मागे घेऊन परत लावतात. यावर मी काय वाद घालणार, आणि दुकानात बघितलं तर मुलं बघतात तशीच, मशीनमधून पानं येतायत आणि दोघांनाही कळत नाही की झेरॉक्स कधीच संपलंय, मला दोनदा सांगावं लागतं.

तर कॉलेजच्या प्रेमाला माझ्याकडून दोन स्टार, त्यातला एक अज्याच्या पळण्याला आणि एक त्या वहीवाल्या दिराला. घरात बारावीची मुलगी असेल तर पॅक परीक्षेनंतर घ्या, आजीसाठी असेल तर लगेच घ्या, पण घेताना जाहिराती लागतात की नाही ते आधी विचारून घ्या आणि ऑटो रिन्यू बंद करून ठेवा. आमचं मी बंद केलं होतं, काल बघितलं तर आईंनी नातीकडून परत चालू करून घेतलंय.