११ वॅटचा यूव्ही क्लॅरिफायर: हिरव्या पाण्यासाठी घ्या, दगडावरच्या शेवाळासाठी नको

परसातल्या हौदाचं पाणी हिरवं होत असेल तर हा क्लॅरिफायर, म्हणजे अतिनील (यूव्ही) किरणांनी पाणी निवळवणारं उपकरण, जरूर घ्या. दगडांना लांब तंतूंचं शेवाळ धरत असेल तर मात्र यावर पैसे घालवू नका. दुकानात दोन्हींवर हाच उपाय सांगतात.

आमचा हौद नाशिकचा, दीड हजार लिटरचा, दुपारचं ऊन थेट लागणारा. आत कोई जातीचे रंगीत मासे आणि गोल्डफिश. उन्हाळ्यात वीतभर खालचा मासा दिसायचा नाही. पाणी बदललं तरी चार दिवसांत पुन्हा तेच, कारण ऊन, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं तसंच राहतं.

पंपाचं पाणी काळ्या नळकांड्यातून जातं, आत काचेच्या नळीत यूव्हीची ट्यूब. त्या किरणांनी पाणी हिरवं करणारं तरंगतं शेवाळ मरतं (दगडाला धरलेलं नळकांड्यात येतच नाही), त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या स्पंजात अडकतात. म्हणजे स्पंज फिल्टर हवाच. पाणी हळू सोडायचं, वेगात गेलं तर किरण पुरेसे लागत नाहीत. सुरुवातीला स्पंज रोज पिळायची, पालकाच्या रसासारखं पाणी निघायचं. आठवडा सरता सरता तळाचे खडे दिसू लागले, आणि कोईच्या पाठीवरचे केशरी ठिपकेसुद्धा! स्पंज हौदाच्याच पाण्यात पिळा. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाची. ट्यूब पेटलेली दिसली तरी ८ ते ९ हजार तासांनी, म्हणजे साधारण वर्षभराने, किरणांचा जोर ओसरतो आणि ती बदलावी लागते. हे त्यात कुठेच नाही. बोअरच्या जड पाण्याने नळीवर पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने पुसावा लागतो, तेही नाही. पेटलेल्या ट्यूबकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, एवढी महत्त्वाची सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत!

दगडावरचं शेवाळ मी काठीला गुंडाळून काढते. मोरचूद टाका म्हणून सांगणारे भेटतील, अजिबात ऐकू नका. त्यातलं तांबं माशांना विषारी, आणि शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. त्यापेक्षा खाणं कमी टाका आणि कुमुदिनीच्या कुंड्या सोडा. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळाला ऊनच कमी मिळतं.

पाचपैकी चार तारे. घेण्याआधी सुटी ट्यूब मिळते का ते विचारा. पिना वेगळ्या असल्या तर दुसरी बसत नाही.