इलेक्ट्रोलिसिस, ७ महिन्यांनंतर: मशीन ठीक आहे, घात प्लकरने केला

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे सुईने करंट देऊन नको असलेले केस कायमचे काढणं. गेल्या आठवड्यात त्याचं अर्ध्या तासाचं सेशन ११ मिनिटांत संपवून मला घरी पाठवलं. काम करायला हनुवटीवर केसच नव्हते. आदल्या रात्री लग्नाला जायचं होतं, आरशासमोर उभी राहिले आणि प्लकरने सगळे उपटून टाकले. ऑपरेटर बाईंनी दिवा जवळ ओढला, भिंगातून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "मॅडम, परत?" पैसे मात्र पूर्ण अर्ध्या तासाचे. त्याच चिडीत हे लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या.

लेसर आधी करून झालंय. काळे केस बऱ्यापैकी विरळ झाले, हनुवटीवरचे पांढरे जिथल्या तिथे. लेसर केसातल्या रंगावर चालतो, रंगच नसेल तर तो बिचारा काय करणार! इलेक्ट्रोलिसिसला रंगाशी देणंघेणं नाही. केसाच्या कडेने बारीक सुई मुळापर्यंत जाते आणि करंट मुळाला मारतो. माझं थर्मोलिसिस आहे, म्हणजे उष्णतेवर चालणारं. करंट सेकंदभरही नसतो. वेळ जातो तो केस शोधण्यात, सुई नीट घालण्यात. आणि बिल वेळेचं असतं, केसांचं नाही. हे एकदा डोक्यात शिरलं की तयारीकडे बघायची नजरच बदलते.

सुई केसाच्या वाटेनेच आत जाते. केस उपटला की वाट दाखवणारंच कोणी उरत नाही, आणि तो परत वर यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून थ्रेडिंग, वॅक्स, एपिलेटर, प्लकर सगळं बंद. कात्री किंवा रेझर चालतो, कारण मूळ जागेवर राहतं. रेझरने केस दाट होतात असं मी वीस वर्षं मानत आले होते. तसं काही होत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं, बस.

दुसऱ्या महिन्यात विचारलं असतंत तर मी पाचपैकी दोन तारे दिले असते. तेव्हा "केस वाढवून या" याचा अर्थ मी महिनाभर वाढवणे असा घेतला होता. महिनाभर ओढणी हनुवटीपर्यंत, बोलताना हात तोंडावर, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. एवढं सोसून मिळालं काय? त्यातले बरेच केस वाढ थांबलेले, गळायच्या बेतातले होते. अशा केसावर करंट घालवून फारसा उपयोग नसतो. मूळ नीट मरतं ते वाढीच्या अवस्थेतल्या केसाचं.

मग बाईंनीच सांगितलं, तीन-चार दिवस आधी रेझर फिरवा. त्यानंतर जे वर येतात ते वाढणारे, म्हणजे नेमके आपल्याला हवे असलेले. लांबी चिमट्यात धरता येईल एवढी पुरे, २-३ मिलिमीटर. महिनाभराचा वनवास तीन दिवसांवर आला! हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा माझा राग अजून गेलेला नाही.

नीट काम झालंय हे कसं ओळखायचं? केस लोण्यातून काढावा तसा सुटतो, ओढ लागत नाही. मी एकदा टिशूवर ठेवलेले बघायला मागितले. टोकाला छोटी ओलसर गाठ होती, भोवती पांढुरकं आवरण. घाण वाटेल वाचायला, मला मात्र फार समाधान वाटलं. "टच्च" करून ओढ जाणवली, तर समजा तो केस उपटला गेला, मेला नाही. तेव्हा तिथल्या तिथे बोला.

दुखण्याबद्दल माझं मत फिरलं. आधी वाटायचं बाईंचा हात जड आहे. नंतर डायरी पाहिली तर सगळी भयंकर सेशन्स पाळीच्या आसपासची किंवा झोप न झालेल्या दिवसांची. आता तारखा बघून वेळ घेते, आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पिते आणि त्या सकाळी कॉफी टाळते.

बधीर करणारं क्रीम हा वेगळाच वैताग. तासभर आधी जाड थर लावायचा, वर प्लास्टिकची फिल्म. ओठाच्या वर ती फिल्म टिकवून दाखवा! बोललं की सुटते, हसलं की सुटते, शिंक आली तर विषय संपला. शिवाय खुर्चीत बसल्यावर पुसत बसलं तर पाच मिनिटं गेली. मी आता दाराबाहेरच पुसून आत जाते. आणि जास्त लावलं तर जास्त बधीर होईल म्हणून चेहराभर थापू नका. त्यातलं औषध अंगात शोषलं जातं. किती लावायचं ते डॉक्टरांना विचारा.

बाकीचं पटकन: रेटिनॉल आणि ॲसिडवाली क्रीम्स काही दिवस आधी बंद. दर वेळी नवी, सीलबंद सुई तुमच्यासमोर उघडायला लावा. पेसमेकर, गरोदरपण, वण वाढण्याची सवय, ओठावर वारंवार येणारे फोड, यातलं काही असेल तर आधीच सांगा. पाळी अनियमित असेल किंवा राठ केस अचानक वाढले असतील, तर आधी हार्मोन्स तपासून घ्या, नाहीतर इकडे मारताय आणि तिकडे नवे उगवतायत. नंतर एक दिवस मेकअप नाही, खपल्या खुडायच्या नाहीत.

आता पुढचं सेशन गुरुवारी, म्हणून रविवारी रेझर. प्लकर ताईकडे ठेवायला दिलाय. काल तिचा फोन आला, "फार छान धार आहे गं याला."